फ्लोट लावू की बोटीसारखं पोट?

भाचा रिमोटवरचं सीप्लेन (पाण्यावरून उडणारं-उतरणारं विमान) बनवतोय आणि फ्लोट (विमानाखाली दांड्यांवर लावलेले तरंगते पोकळ ठोकळे) की हल (बोटीसारखं पोट) यावर आठवडाभर अडकलाय, म्हणून हे.

वेगात फ्लोट मागे नाही, १९३१ मधे सुपरमरीन एस.६बी या शर्यतीच्या विमानाने दोन फ्लोट लटकवून ताशी ६५५ किमी गाठले, पण हवेत ते नुसतं ओझंच आणि लाटा आल्या की सगळा मार दांड्यांवर. हलमधे पोटच बोट, १९१९ ला एनसी-४ हे विमान असंच अटलांटिक पार करून गेलं (थांबत थांबत, पण गेलं). इंजिन मात्र वर चढवावं लागतं, नाहीतर पंख्यावर पाणी.

खरी डोकेदुखी पाण्यातून सुटायची. नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावून बघ, चमचा ओढला जातो ना, तसंच पाणी पोटाला धरून ठेवतं, म्हणून पोटाच्या तळाला मधेच एक आडवी पायरी ठेवतात, तिथे हवा शिरली की सुटलं. फ्लोटलाही ती लागतेच. हल-फ्लोट पाण्यात ओढून असल्या गोष्टी तपासायला अमेरिकेत एनएसीएने (नासाच्या आधीची विमान-संशोधन संस्था) लँगलीला १९३१ मधे सुमारे २००० फूट लांब पाण्याची टाकी सुरू केली, बोल आता!

दुरुस्ती? फ्लोट फुटला तर बदल, हल गळलं तर अख्खं पोट उघड.

पहिलंच मॉडेल, शांत तळं, हातातलंच विमान वापरायचंय तर फ्लोट. धरणावरच्या लाटांत उडवायचं नि कानस घेऊन बसायची तयारी असेल तर हल.