जीएसटी पोर्टल, नवऱ्याच्या थकबाकीसकट: काही महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, ज्यांची रिटर्न सीए भरतो आणि जे फक्त फी देतात त्यांच्या कामाचं हे नाही. ज्यांच्या पॅनवर घरातल्या दुसऱ्याच माणसाने धंदा केला त्यांनी वाचा. प्रोप्रायटर म्हणजे धंद्याचा एकटा मालक, थ्री-बी म्हणजे जीएसटीचं नेहमीचं रिटर्न, हे सगळं माहिती असणार, जास्त सांगत बसत नाही.

माझं प्रकरण थोडक्यात. टॉवेल-चादरीचं ट्रेडिंग, गाळा सोलापुरात अक्कलकोट रोडला, फर्म माझ्या नावावर. माझ्या का, तर नवऱ्याचं सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) आधीच बसलेलं. सही करायला नाही म्हटलं की ताट भिंतीवर जायचं, हात उचलायचा ते वेगळंच, त्यामुळे सह्या होत गेल्या. २०२१ मध्ये पोरीला घेऊन माहेरी आले, पुढे घटस्फोट झाला, कागदात लिहून घेतलं की फर्मची सगळी देणी तो फेडेल. मला वाटलं सुटले. आणि २०२५ च्या जानेवारीत ऐन गड्ड्याच्या यात्रेत माझं पगाराचं खातं बंद. बँकेत गेले तर म्हणाले जीएसटीचं पत्र आलंय, डीआरसी-१३, म्हणजे थकबाकी तुमच्या खात्यातून वसूल करायची नोटीस, आमच्या हातात काही नाही.

तर पहिली गोष्ट, घटस्फोटाच्या कागदातली ती ओळ तुमच्या दोघांपुरती. डिपार्टमेंट त्याला बांधील नाही. फर्म ज्याच्या पॅनवर, टॅक्स त्याचा, आणि प्रोप्रायटरशिपमध्ये फर्म आणि तुम्ही वेगळे नाहीच, म्हणून तर मेडिकल दुकानातल्या पगाराच्या खात्यापर्यंत हात पोचला. अमेरिकेत नवरा-बायको एकत्र रिटर्न भरतात आणि नवऱ्याने घोळ केला तर बायकोला सूट मागता येते म्हणे, आपल्याकडे एकत्र रिटर्नच नाही त्यामुळे तशी सूटही नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं टाइप करतेय. मोबाईल नंबरचा रकाना. हो, फक्त तो एक रकाना. रजिस्ट्रेशनच्या वेळी तिथे त्याने स्वतःचा नंबर टाकला आणि ईमेल पण त्याचाच. म्हणजे नोटीस कुणाला जाणार, त्याला. ओटीपी कुणाला, त्याला. पासवर्ड विसरलात म्हणून क्लिक केलं तरी मेसेज त्याच्याच खिशात वाजणार. टॅक्सच्या मागणीची डीआरसी-०१ नोटीस आली, कुणी उत्तर दिलं नाही, ऑगस्ट २०२४ मध्ये मागणी पक्की करणारी डीआरसी-०७ ऑर्डर निघाली, आणि कायद्याने पोर्टलवर टाकलं की ते मला मिळालं असंच धरतात. मी इथे दुकानात गोळ्या मोजतेय आणि कागदोपत्री मला सगळं पोचलेलं. इतका राग मला त्या थकबाकीचा पण आला नाही जितका त्या दहा आकड्यांचा आला. एक कन्सल्टंट भेटले, नुसतं लॉगिन काढून द्यायचे पंधरा हजार सांगितले. पंधरा हजार! तेवढ्यात पोरीची वर्षाची फी निघते. मी सरळ उठून आले.

त्याला फोन करून ओटीपी मागायचा असा सल्ला सगळ्यांनी दिला. नाही केला आणि तुम्हीही करू नका, एकदा मागितला की प्रत्येक ओटीपीची किंमत वसूल होते.

हे लिहायला घेतलं तेव्हा डोक्यात एक स्टार होता. पण ज्या सोयीमुळे स्टार वाढवतेय ती कुणी सांगतच नाही. २०१८ पासून अशी व्यवस्था आहे की रजिस्ट्रेशन करणाऱ्याने स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकून ठेवला असेल तर तुमच्या भागाचा जीएसटी अधिकारी तो बदलून देऊ शकतो. फुकट. एजंट लोक असे उद्योग करायचे म्हणून ही सोय आली, घरातला माणूस करतो तेव्हाही तीच चालते. आधी पोर्टलवर लॉगिन न करता 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये पॅन टाकायचा, तुमच्या पॅनवर किती जीएसटी नंबर आहेत ते सगळे दिसतात (बघाच एकदा, मला एकाची भीती होती आणि एकच निघाला, मैत्रिणीच्या पॅनवर दोन निघाले). नंबरवर क्लिक केलं की जुरिसडिक्शन, म्हणजे तुमचं जीएसटी ऑफिस कोणतं ते दिसतं, त्या ऑफिसात जायचं.

पॅन, आधार आणि धंद्याचा काहीतरी पुरावा लागतो. गाळ्याचे कागद त्याच्याकडे, ते मिळणं शक्यच नव्हतं. मग डोकं चालवलं, फर्मचं करंट खातं माझ्याच नावाचं होतं, बँकेला स्टेटमेंट द्यावंच लागलं. ऑफिसातल्या मॅडमनी ते उलटसुलट बघितलं, मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "ताई, ह्या तुम्हीच ना?" प्रोप्रायटरच्या फोटोत मीच होते. लग्नाच्या फोटोतून कापलेली, कपाळाच्या कडेला मुंडावळीची लडी तशीच. सरकारी रेकॉर्डला नवरीच्या वेशातली व्यापारी मी एकटीच असेन.

पुरावा त्यांनी अपलोड केला, माझा नवा नंबर आणि ईमेल टाकला, आणि मेलवर युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड आला. लक्षात ठेवा, तो नेहमीच्या लॉगिनला टाकायचा नाही, खाली 'फर्स्ट टाइम लॉगिन' ची लिंक असते तिथे टाकून स्वतःचं युजरनेम-पासवर्ड करायचं. मी पाण्याच्या दिवशी हंडे भरता भरता हे केलं. त्या क्षणापासून त्याचा नंबर बाद. रजिस्ट्रेशन रद्द झालेलं असलं तरी लॉगिन चालतं.

आत गेल्यावर हिशोब दिसला. २०१९-२० चं जास्तीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) घेतलेलं, मूळ टॅक्स १ लाख ३८ हजार, १८ टक्क्याने व्याज सव्वा लाखाच्या घरात, वर २० हजार दंड. मी म्हणत होते एक रुपया भरणार नाही, अपील करणार. अपिलाला ऑर्डर मिळाल्यापासून तीन महिने, पुढे एक महिना माफ होऊ शकतो, वादातल्या टॅक्सच्या १० टक्के आधी भरायचे, आणि ऑर्डर पोर्टलवर पडून चार महिने उलटलेले. मग जीएसटी कायद्याचं कलम १२८ए कळलं. २०१७-१८ ते २०१९-२० च्या कलम ७३ च्या (फसवणुकीचा आरोप नसलेल्या) मागणीत मूळ टॅक्स ३१ मार्च २०२५ पर्यंत पूर्ण भरला तर व्याज आणि दंड माफ. इथे माझी जिद्द संपली आणि काटकसर जिंकली. दीड लाखाच्या जवळपास वाचत असताना मी तत्त्वासाठी भांडू? भिशी उचलली, दादाने थोडे दिले, पाटल्या मोडल्या. 'पेमेंट टुवर्ड्स डिमांड' मधून थेट त्या ऑर्डरवरच भरा, डीआरसी-०३ ने (आपणहून पैसे भरायचा फॉर्म) भरलं तर नंतर डीआरसी-०३ए ने जोडत बसावं लागतं. मग माफीसाठी एसपीएल-०२ अर्ज. ती योजना आता संपली आहे हे माहिती आहे, म्हणून इतरांसाठी: ऑर्डरने आलेल्या मागणीला डीआरसी-२० वर हप्ते मागता येतात, जास्तीत जास्त २४. पण रिटर्नमध्ये स्वतः दाखवलेल्या टॅक्सला हप्ते नाहीत, आणि 'स्वतः' म्हणजे इथे तो.

ऑर्डर माफीची आली, बँकेला पत्र गेलं, खातं सुटलं. भरलेल्या पैशाच्या पावत्या कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या केसमध्ये लावल्यात, त्यात आर्थिक छळ हा छळच धरलाय आणि भरपाई मागता येते. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, बाईला उत्पन्न न बघता मोफत मिळतो. तारखा पडतायत, बघू.

रेटिंग साडेतीन. दीड का कापले तर रजिस्ट्रेशन रद्द झाल्यावर जीएसटीआर-१० म्हणून शेवटचं रिटर्न तीन महिन्यांत भरायचं असतं, ते त्याने भरलं नव्हतं, त्याची लेट फी दिवसावर चढत बसलेली. टॅक्सचं दुःख गेलं, पण ही लेट फी भरताना मात्र त्या माणसाला मनसोक्त शिव्या दिल्या. इन्कम टॅक्सच्या साइटला एआयएस (तुमच्या पॅनवरच्या वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक) पण काढून ठेवा, फर्मची उलाढाल तिथेही तुमच्याच पॅनवर दिसते. माझं ते काम अजून चालू आहे.