वसई की रेवदंडा?

दोन्ही पोर्तुगिजांची तटबंदीतली शहरं, दोन्ही वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने मराठ्यांकडे आली. पण पडण्याची तऱ्हा अगदी निराळी. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांना मिळाली आणि उत्तर कोकणातलं त्यांचं मुख्य ठाणं झाली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने तटाखाली सुरुंग पेरले, बुरूज उडवले, दोन्हीकडची हजारो माणसं कामी आली, तेव्हा कुठे मे महिन्यात किल्ला सर झाला. रेवदंडा १७४० मध्ये तहात सुटला. एवढ्या जुन्या ठाण्याचा शेवट तसा मिळमिळीतच. वसईत आज छप्पर गेलेली चर्चं पाहायची. रेवदंड्यात तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, नांदती घरं आहेत. लढाईसाठी वसई, पण मला विचाराल तर आधी रेवदंडा.