हलके शिकारी बूट की जाड चामड्याचे?

दोन्ही बूट पायात घालून चार पावलं टाकली की हलकाच जिंकतो. तो पहिल्या दिवसापासून पायाला बसतो, कुठे चावत नाही. जाड चामड्याचा बूट पायाच्या वळणावर यायला काही आठवडे घेतो आणि तोवर टाच सोलवटून काढतो. म्हणून निवड करताना पहिल्या चार पावलांपेक्षा दोन प्रश्नांना जास्त किंमत द्या: पायाखालची जमीन कशी असणार, आणि परतताना पाठीवर किती ओझं असणार?

वजनाचा फायदा खरा आहे. हलकी जोडी साधारण १ ते १.२५ किलोची, जाड चामड्याची पावणेदोन ते दोन किलोची. पायातलं वजन दर पावलाला उचलावं लागतं, आणि चालण्याच्या श्रमांवरच्या अभ्यासांत ते पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट महाग पडतं असं दिसलंय. म्हणजे पाऊण किलोचा फरक सॅकमधल्या तीन-साडेचार किलोंइतका. दिवसभर माग काढत हिंडणाऱ्याला संध्याकाळी हे चांगलंच जाणवतं. शिवाय मऊ तळातून पायाखालची काटकी मोडण्याआधीच कळते. मात्र सुक्या झुडपातून जाताना हलक्या बुटाचं नायलॉन खरखरतं, चामडं तितकं वाजत नाही.

हलका बूट फाटतो कुठे, हे बारकाईने बघण्यासारखं आहे. करंगळीच्या बाजूला, बोटांपाशी बूट जिथे दुमडतो आणि कापड रबराच्या पट्टीला मिळतं, तिथे. त्या घडीत बारीक वाळू शिरते आणि दर पावलाला सँडपेपरसारखी घासत राहते. आधी शिलाईचा दोरा झिजतो, मग कापड विरतं, आणि आतला जलरोधक पडदाही तिथेच चिरतो. चामड्यालाही त्याच घडीत भेगा पडतात, पण वेळच्या वेळी मेण लावलं तर ते वर्षानुवर्षं तगतं. कापडाला असं काही चोळून वाचवता येत नाही. चिखल वाळायच्या आत धुवायचा, एवढंच हातात.

पडद्याबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. १९६९ मध्ये अमेरिकी संशोधक बॉब गोर यांनी पीटीएफई (टेफ्लॉन म्हणून ओळखलं जाणारं प्लास्टिक) झटक्यात ताणून जे सच्छिद्र द्रव्य मिळवलं, त्यातूनच गोर-टेक्स हा जलरोधक पडदा आला. त्याची छिद्रं घामाची वाफ बाहेर सोडतात, पाण्याचा थेंब अडवतात. पण वरचं कापड पाणी पिऊन जड झालं की वाफेची वाट बंद होते. मोजे ओले लागतात ते घामाने, आणि दोष येतो गळक्या बुटावर. असा बूट टाकून देऊ नका. स्वच्छ धुऊन त्यावर पाणी झटकणारा फवारा पुन्हा मारा. वरून आत पाणी शिरलं, तर मात्र पडद्याचा बूट लवकर वाळत नाही. शेकोटीजवळ तर कुठलाच ठेवू नये. उष्णतेने हलक्याचा चिकटवलेला तळ सुटतो, चामडं कडक होऊन तडकतं.

तळाचा हिशेब वेगळा. हलक्या बुटात बहुधा ईव्हीए नावाचा मऊ फोम असतो, तो दबत दबत चपटा होतो. बऱ्याच जड बुटांत पॉलियुरेथेन हे जास्त घट्ट प्लास्टिक असतं, ते जास्त टिकतं, पण हवेतल्या दमटपणाने काही वर्षांनी कपाटातच भुगा होऊ शकतं. तेव्हा कमी वापरलेला जुना जोड पायात घालण्याआधी त्याचा तळ अंगठ्याने दाबून बघा. शिवलेल्या तळाचा चामडी बूट नवा तळ बसवून पुन्हा वापरता येतो. चिकटवलेल्या हलक्या बुटाला ही सोय क्वचितच मिळते.

माझं मत स्पष्ट आहे. मऊ माती, गवत, रुळलेल्या वाटा आणि हलकी सॅक असेल तर हलकाच घ्या, आणि तो दर एक-दोन हंगामांनी बदलावा लागेल हे धरून चाला. सुट्या दगडांचे आडवे उतार असतील, किंवा मांसाचं ओझं खांद्यावर घेऊन उतरायचं असेल, तर जाड चामडं आणि ताठ तळच हवा. मऊ तळ दगडाच्या कडेवर पिळवटतो, पाऊल आतून ठणकायला लागतं आणि दमलेला घोटा नेमका तिथेच मुरगळतो.

घेताना बुटाची टाच आणि टोक धरून कपडा पिळल्यासारखा पिळून बघा. सहज वळला तर तो ओझ्याचा बूट नाही. मापून बघा ते संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, जंगलात घालणार तेच मोजे घालून. उतरत्या फळीवर उभं राहिल्यावर अंगठा पुढे आपटला, तर अर्धा नंबर मोठा मागा.