हरळीच्या लॉनमधील आंबुशी आणि टू-फोर-डी : खरीप ते उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

परभणीच्या शिवाराला लागून असलेल्या आमच्या घरापुढे हरळीचे लॉन आहे आणि कुंपणापलीकडे कपाशीचे शेत आहे. टू-फोर-डी (२,४-डी) या तणनाशकाविषयीचे माझे निम्मे मत त्या शेतामुळे बनले आहे.

तण होते आंबुशी. एका देठावर हृदयाच्या आकाराच्या तीन पर्णिका, पाच पाकळ्यांची पिवळी फुले आणि चघळल्यावर आंबट चव. काहींना ती मेथीघास वाटते. परंतु मेथीच्या पर्णिकेच्या टोकाला अशी खोल खाच नसते. खोड जमिनीवर सरपटत पेरापेराला मुळे धरते आणि पिकलेली शेंग हात लागताच तडकून बी दूर फेकते, त्यामुळे शेंगा धरल्यानंतरची खुरपणी म्हणजे पेरणीच होय.

२,४-डी अमाइन सॉल्ट ५८ टक्के फवारल्यावर लॉनमधले दुसरे तण, एकदांडी, पिळवटून वाळले आणि हरळी शाबूत राहिली. आंबुशीची पाने मात्र वाकडी होऊन पिवळी पडली, तरी पेरांतून पुन्हा फूट आली. आंबुशीसाठीच कोणी हे घेणार असेल, तर माझी शिफारस नाही.

कपाशीला या औषधाचा उडालेला थोडासा तुषारही बाधतो. पाने भेंडीच्या पानांसारखी अरुंद होतात. अमाइन सॉल्ट हे याच औषधाच्या एस्टर या दुसऱ्या रूपापेक्षा कमी वाफ होऊन उडते, तरीही वाऱ्याचा प्रश्न राहतोच. म्हणून सरकीच्या लागवडीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत ते मी वापरत नाही. पंपही वेगळा ठेवला आहे, कारण आपल्याकडे पाठीवरचा पंप मागून नेण्याची पद्धत आहे आणि नुसत्या पाण्याने धुतलेल्या टाकीवर भरवसा ठेवता येत नाही.

खरा उतार पडला तो खुरप्याने. पाणी दिल्यानंतर जमीन मऊ असताना आणि शेंगा धरण्यापूर्वी, मूळ व वेल एकत्र उचलून पिशवीत भरावे. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. कापणीची उंची सुमारे २ सेंमीवरून ४ सेंमी केल्यावर आणि रोजच्या हलक्या शिंपणीऐवजी खंड देऊन भरपूर पाणी दिल्यावर हरळी दाट झाली, उघड्या जागा हरळीच्या कांड्या लावून भरल्या आणि नवी आंबुशी विरळ झाली. आमच्याकडे तिची चटणी आवडीने होते. फवारलेल्या भागातील पाला अर्थातच त्यासाठी घेऊ नये.

बाटली अजून ठेवली आहे, ती एकदांडीसाठी: लागवडीपूर्वीच्या उन्हाळ्यात, वारा पडलेल्या सकाळी, हातमोजे घालून, मुलांना लॉनपासून दूर ठेवून.