टेप, टॅप की रोबोट? जांघेतला हर्निया शिकताना सुरुवात कशाने करायची

रेसिडेन्सी संपत आली की हा प्रश्न पडतोच. टॅप (TAPP) आणि टेप (TEP) दोन्ही दुर्बिणीच्या म्हणजे लॅपरोस्कोपिक (लॅप) सर्जरी, टॅप पोटात शिरून, टेप पोटाच्या आतल्या पडद्याच्या (पेरिटोनियम) बाहेरून. माझं मत विचाराल तर आधी टॅप शिका.

टॅपमध्ये पोटात कॅमेरा गेला की सगळं ओळखीचं दिसतं, इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक (पोटाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या), व्हास (वीर्यनलिका), गोनाडल व्हेसल्स (वृषणाच्या रक्तवाहिन्या), आणि दुसऱ्या बाजूला पण हर्निया आहे का तेही लगेच कळतं. टेपमध्ये पोटात शिरायचं नसतं, फ्लॅप (मेश म्हणजे जाळी बसवायला कापून उघडलेलं पेरिटोनियम) शिवायचा नसतो, पण जागा इवलीशी, आणि पेरिटोनियमला भोक पडलं की गॅस पोटात जातो, आहे ती जागाही कमी होते आणि नवीन माणूस तिथेच गांगरतो. रिझल्ट दोन्हीचे सारखेच, 2018 च्या हर्नियासर्ज या आंतरराष्ट्रीय गटाच्या गाईडलाइन्स पण तेच सांगतात, त्यामुळे तुमचे सर किंवा मॅडम रोज टेपच करत असतील तर बिनधास्त टेप शिका, रोज बघायला मिळणं जास्त महत्त्वाचं.

रोबोटवर फ्लॅप शिवणं खरंच सोपं जातं, इन्स्ट्रुमेंट मनगटासारखं वळतं, थ्रीडी दिसतं, सिम्युलेटरवर हात बसवता येतो, ड्युअल कन्सोल (रोबोट चालवायला दोघांना बसायची सोय) असेल तर सर मध्येच कंट्रोल घेऊन दाखवतात. पण बहुतेक मशीनवर टिश्यू किती ताणला जातोय ते हाताला कळत नाही, डोळ्यांनीच ओळखावं लागतं. शिवाय रोबोट आणि लॅपची तुलना करणाऱ्या 2020 च्या रायव्हल (RIVAL) ट्रायलमध्ये एका बाजूच्या हर्नियाला लॅपपेक्षा पेशंटचा वेगळा फायदा दिसला नाही, वेळ आणि खर्च मात्र वाढला.

आणि रोबोट शिवून देतो, डिसेक्शन (टिश्यू सोडवणं) कुठपर्यंत न्यायचं ते तुम्हालाच कळावं लागतं! पेरिटोनियम कॉर्डवरून (व्हास आणि वृषणाच्या रक्तवाहिन्यांचा जुडगा) इतकं मागे घ्यायचं की व्हास आत वळताना स्पष्ट दिसला पाहिजे, नाहीतर 10 बाय 15 सेंटीमीटरची मेश टाकली तरी फ्लॅप बंद करताना तिची खालची कड उचलली जाते आणि रिकरन्स (हर्निया परत येणं) तिथूनच होतो. डेस आणि फेलिक्स या सर्जननी सांगितलेले क्रिटिकल व्ह्यूचे, म्हणजे डिसेक्शन पुरेसं झालंय का ते बघायचे, 9 मुद्दे आहेत, ते तिन्ही पद्धतींना लागू पडतात, प्रत्येक केसमध्ये मेश टाकायच्या आधी ते एकेक करून तपासा.

लॅपला हात बसायला साधारण 50 ते 100 केसेस लागतात, रोबोटवरही स्वतः केल्याशिवाय हात बसत नाही, म्हणून रोबोटिक फेलोशिप घेताना आधीच्या फेलोला एवढंच विचारा, कन्सोलवर बसवतात की वर्षभर बेडसाइडला इन्स्ट्रुमेंट बदलायला उभं करतात.