जमिनीचा घट्टपणा मोजताना: पेनेट्रोमीटर की कोअर नमुना?

पेनेट्रोमीटर म्हणजे टोकाला ३० अंशांचा शंकू असलेली दांडी. सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर अशा एकसारख्या वेगाने ती जमिनीत दाबायची आणि लागणारा दाब काट्यावर वाचायचा. २ मेगापास्कलच्या (दाबाचे एकक) आसपास बहुतेक पिकांची मुळे अडखळू लागतात. नांगराच्या तळाशी बसलेला कठीण थर तर हातालाच कळतो: दांडी सरसर जाते, अडते, जोर लावला की पलीकडे पुन्हा सैल पडते. एका सकाळी अख्खे शेत फिरून होते, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

मात्र ओलावा फसवतो. तीच माती सुकली की काटा कितीतरी वर चढतो. म्हणून वाफसा आल्यावरच मोजा, आणि दोन शेतांची तुलना करायची तर ओलावा सारखा हवाच.

कोअर पद्धतीत ठरावीक आकारमानाच्या कड्यात माती घेऊन ती १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. कोरडे वजन भागिले आकारमान, म्हणजे घनता. आकडा भरवशाचा, पण मेहनत फार. खडे असले की नमुना बिघडतो, कडे ठोकताना आतली माती दबते. शिवाय चिकण मातीत घन सेंटिमीटरला १.५ ग्रॅम म्हणजे धोका, वाळूत तेवढे चालते.

मी आधी पेनेट्रोमीटर फिरवतो, शंका येईल तिथेच कोअर घेतो. चाकोरीतले आणि चाकोरीबाहेरचे नमुने कधीही एकत्र करू नका. सरासरीत चाकाखाली दबलेली पट्टी हरवून जाते.