इंदूर ते लंडन: दिल्लीवरून की मुंबईवरून?

ताई लंडनला असते, त्यामुळे हा हिशोब आमच्याकडे दरवर्षी होतो. नकाशावर दिल्लीवाला रस्ता छोटा, इंदूर-दिल्ली साधारण 660 किमी आणि पुढे हीथ्रो 6,700च्या आसपास, मुंबईवरून 510 अन् मग 7,200, म्हणजे साडेतीनशे किमी जास्त, पण हवेत तो फरक अर्ध्या तासाचाही नाही हो. खरा वेळ खातो तो मधला थांबा. टर्मिनल बदलायचं असेल तर बस, परत सिक्युरिटी, आणि आईच्या हँडबॅगेतलं लोणचं तिथेच अडकतं (शेव सुटते!). पावसाळ्यात मुंबईची बोंब, थंडीत दिल्लीत धुकं, म्हणून डिसेंबरात मी तरी मुंबईच धरतो. परत येताना मागून वारा असतो, तासभर वाचतो.